उत्तराची पडताळणी आणि सिद्धतेचे शिक्षण : महाविद्यालयीन त्रिकोणमितीच्या आंतरक्रियात्मक ऑनलाइन अभ्याससाहित्याचे चिकित्सक परीक्षण

सारांश

महाविद्यालयीन स्तरावरील त्रिकोणमितीसाठी आज महाजालावर मोफत पाठ्यपुस्तके, हलत्या आकृत्या, आलेख काढणारी साधने आणि उत्तरे आपोआप तपासणाऱ्या प्रणाली उपलब्ध आहेत. प्रस्तुत लेखात या साहित्यापैकी काही प्रातिनिधिक नमुन्यांचे परीक्षण केले आहे. वर्तुळ, कोन आणि आलेख यांचा परस्परसंबंध दाखविण्यात हे साहित्य फळ्यापेक्षा निश्चितच सरस आहे. परंतु नित्यसमानता आणि सिद्धता या प्रकरणांत त्याची तपासणीची पद्धत विषयाच्या मूळ शिकवणुकीशीच विसंगत ठरते, असे प्रतिपादन येथे केले आहे. पहिल्या भास्कराचे ज्यासूत्र उदाहरणादाखल घेऊन ही विसंगती स्पष्ट केली असून शेवटी अध्यापकांसाठी काही सूचना दिल्या आहेत.

बीजशब्द : त्रिकोणमिती, एकक वर्तुळ, आंतरक्रियात्मक साहित्य, नित्यसमानता, सिद्धता, ज्या.

१. प्रस्तावना

अमेरिकेतील महाविद्यालयांत 'कॉलेज अल्जिब्रा' आणि 'ट्रिगनॉमेट्री' हे पहिल्या वर्षाचे स्वतंत्र अभ्यासक्रम असतात. आपल्याकडे हा भाग दहावी ते बारावी या तीन वर्षांत विभागला गेला आहे, आणि पदवीच्या वर्गात प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याला तो येतो असे गृहीत धरूनच कलनशास्त्राचे अध्यापन सुरू होते. हे गृहीतक किती पोकळ आहे, हे प्रथम वर्षाच्या वर्गावर जाणाऱ्या प्रत्येक अध्यापकाला पहिल्या पंधरवड्यातच कळून चुकते. साइनचे विकलज कोसाइन हे विद्यार्थी झटकन सांगतो. मात्र साइन १०० अंश ही संख्या धन की ऋण, या प्रश्नावर तो गणकयंत्र शोधू लागतो.

ही उणीव भरून काढण्यास वेळापत्रकात तास नसतात. त्यामुळे 'जालावर पाहून घ्या' हा सल्ला आपण सर्रास देतो. या सल्ल्याला आता शासकीय धोरणाचेही पाठबळ आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१६ च्या विनियमांनुसार एका सत्रातील २० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम 'स्वयम्' या मंचावरून पूर्ण करण्याची मुभा होती. २०२१ च्या विनियमांनी ही मर्यादा ४० टक्क्यांपर्यंत नेली. म्हणजे ऑनलाइन साहित्य आता केवळ पूरक राहिलेले नाही, ते श्रेयांकाचे साधन झाले आहे. अशा वेळी एखाद्या ग्रंथाची समीक्षा ज्या काटेकोरपणे केली जाते, त्याच काटेकोरपणे या साहित्याचीही केली पाहिजे. ते वापरावे की न वापरावे हा प्रश्न मागे पडला आहे. ते काय शिकवते आणि नकळत काय शिकवून जाते, हा खरा प्रश्न आहे.

प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तीन प्रकारचे साहित्य विचारात घेतले आहे : राइस विद्यापीठाच्या 'ओपनस्टॅक्स' प्रकल्पाची मुक्त पाठ्यपुस्तके; 'फेट', 'जिओजेब्रा' आणि 'डेस्मॉस' यांसारखी दृश्य साधने; आणि 'वेबवर्क', 'मायओपनमॅथ' व 'स्टॅक' यांसारख्या गृहपाठ तपासणाऱ्या प्रणाली.

२. पार्श्वभूमी

यंत्राच्या साहाय्याने शिकविण्याची कल्पना नवी नाही. वर्तनवादी मानसशास्त्रज्ञ स्किनर यांनी १९५० च्या दशकात अध्यापन-यंत्राचा पुरस्कार केला. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये 'प्लेटो' ही संगणकीय अध्यापन प्रणाली सुरू झाली. १९९० च्या दशकाच्या मध्यास रॉचेस्टर विद्यापीठातील गणिताच्या अध्यापकांनी 'वेबवर्क' तयार केले. प्रत्येक विद्यार्थ्याला वेगळ्या संख्यांचे उदाहरण देणे आणि उत्तर तत्काळ तपासणे हे त्याचे वैशिष्ट्य. १९९९ मध्ये राइस विद्यापीठात रिचर्ड बारानियुक यांनी 'कनेक्शन्स' हा मुक्त साहित्याचा प्रकल्प सुरू केला, त्यातूनच २०१२ मध्ये 'ओपनस्टॅक्स' आकारास आले. ऑस्ट्रियातील साल्झबुर्ग येथे मार्कुस होहेनवार्टर यांनी या शतकाच्या आरंभी 'जिओजेब्रा' विकसित केले. आपल्याकडे आय.आय.टी. आणि बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था यांचा 'एनपीटेल' हा प्रकल्प २००३ पासून, तर 'स्वयम्' २०१७ पासून कार्यरत आहे.

या इतिहासातील एक गोष्ट क्वचितच लक्षात घेतली जाते. २००० च्या दशकात त्रिकोणमितीसाठी शेकडो सुंदर हलत्या आकृत्या 'जावा' आणि 'फ्लॅश' या तंत्रांत तयार झाल्या. पुढे ब्राउझरांनी जावाचा आधार काढून घेतला आणि ३१ डिसेंबर २०२० रोजी फ्लॅशची अधिकृत अखेर झाली. ज्यांचे पुनर्लेखन झाले नाही अशा आकृत्या त्याबरोबर निकामी झाल्या. ग्रंथालयातील शंभर वर्षांपूर्वीचे त्रिकोणमितीचे पुस्तक आजही उघडता येते. पंधरा वर्षांपूर्वीची हलती आकृती मात्र बहुधा उघडत नाही. एखाद्या विशिष्ट साधनावर आपली अध्यापनपद्धती उभी करणाऱ्याने हे नश्वरत्व ध्यानात ठेवणे इष्ट होय.

३. त्रिकोण आधी की वर्तुळ आधी?

त्रिकोणमिती शिकताना विद्यार्थी जेथे अडखळतो ती जागा निश्चित आहे. दहावीत साइन म्हणजे काटकोन त्रिकोणातील समोरील बाजू आणि कर्ण यांचे गुणोत्तर. त्या व्याख्येत कोन लघुकोनच असू शकतो. पुढे अचानक साइन २१० अंश अवतरते. काटकोन त्रिकोणात २१० अंशांचा कोन कोठून यावा, हा प्रश्न विद्यार्थ्याच्या मनात उठतो. पण तो विचारला जात नाही आणि त्याचे उत्तरही दिले जात नाही. साइन हे गुणोत्तर न राहता फल होते, कोनाचे अंश जाऊन रेडियन येतात, आणि या दोन स्थित्यंतरांमधली दरी सूत्रांच्या पाठांतराने बुजवली जाते.

या दृष्टीने 'ओपनस्टॅक्स'ची दोन पुस्तके शेजारी ठेवून वाचणे उद्बोधक ठरते. 'प्रीकॅल्क्युलस' या पुस्तकात कोनानंतर लगेच एकक वर्तुळ येते आणि काटकोन त्रिकोण त्या प्रकरणाच्या शेवटी येतो. त्याच मालिकेतील, २०१५ मध्ये प्रथम प्रकाशित झालेल्या 'अल्जिब्रा अँड ट्रिगनॉमेट्री'मध्ये मात्र काटकोन त्रिकोण आधी आणि एकक वर्तुळ नंतर येते. मजकुराचा बराच भाग समान असूनही क्रम उलटा आहे. या दोन क्रमांमागे दोन भिन्न शैक्षणिक भूमिका आहेत. पहिलीत त्रिकोण ही वर्तुळाची एक विशेष अवस्था ठरते, दुसरीत वर्तुळ हा त्रिकोणाचा विस्तार ठरतो. पदवीपूर्व उजळणीसाठी आपल्या विद्यार्थ्याला पहिला क्रम अधिक हितावह आहे असे प्रस्तुत लेखिकेचे मत आहे; कारण त्रिकोण त्याने पाहिलेला आहे, त्याला हवे आहे ते वर्तुळ.

आणि वर्तुळ दाखविण्यात आंतरक्रियात्मक साहित्याला तोड नाही. कोलोरॅडो विद्यापीठाच्या 'फेट' प्रकल्पातील 'ट्रिग टूर' या प्रतिकृतीत वर्तुळावरील बिंदू बोटाने फिरवता येतो. बिंदू फिरतो तसा कोन वाढतो, त्याचे सहनिर्देशक बदलतात आणि त्याच क्षणी खाली आलेखावरचा बिंदू सरकतो. एक फेरा पूर्ण झाल्यावरही थांबावे लागत नाही. कोन ३६० अंशांच्या पलीकडे जातो आणि आलेखाची लाट पुन्हा तशीच उमटते. 'आवर्ती फल' या संज्ञेचा अर्थ फळ्यावर समजावण्यास अर्धा तास लागतो. येथे तो अर्ध्या मिनिटात दिसतो. स्थिर आकृतीत कोन, उंची आणि आलेख या तीन वेगळ्या वस्तू असतात, येथे त्या एकाच हालचालीची तीन रूपे होतात. हे यश मोठे आहे आणि ते निःसंकोच मान्य केले पाहिजे.

येथे एक भारतीय संदर्भ केवळ अभिमानापुरता नव्हे, तर अध्यापनाच्या सोयीसाठी नोंदवणे आवश्यक वाटते. इ. स. ४९९ मधील 'आर्यभटीया'त साइनची जी सारणी आहे ती त्रिकोणाची नाही, वर्तुळाची आहे. ज्या म्हणजे धनुष्याची दोरी. वर्तुळाचा कंस हे धनुष्य, त्याची दोरी ती जीवा, आणि त्या दोरीचा अर्धा भाग ती अर्धज्या. हाच 'जीवा' शब्द अरबीत गेला, तेथे तो 'जैब' असा वाचला गेला आणि लॅटिन अनुवादात 'सायनस' झाला. मराठी माध्यमाचा विद्यार्थी वर्तुळाच्या प्रकरणात 'जीवा' हा शब्द शिकून आलेला असतो. साइन हा त्याच शब्दाचा दूरदेशी जाऊन परतलेला वंशज आहे, हे त्याला कोणी सांगत नाही. शिवाय आर्यभटाच्या सारणीमागे वर्तुळाची त्रिज्या ३४३८ कला धरलेली आहे. ३४३८ कला म्हणजे ५७ अंश १८ कला, अर्थात जवळजवळ एक रेडियन. त्रिज्या आणि कंस एकाच मापाने मोजावयाचे, ही रेडियनमागची कल्पना तेथे प्रत्यक्ष वापरलेली दिसते. म्हणूनच २२५ कलांच्या कंसाची पहिली ज्या २२५ येते : लहान कोनासाठी कंस आणि अर्धज्या जवळजवळ सारख्याच. कलनशास्त्राच्या पहिल्याच आठवड्यात लागणारी मर्यादा या एका नोंदीत दडलेली आहे. 'जिओजेब्रा'त वर्तुळ, कंस आणि जीवा काढून कंस लहान करत नेला, तर हे विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने पाहता येते. इंग्रजी साहित्यात ही वाट आखलेली नाही. आपल्याला ती आखता येते.

४. दिसणे आणि समजणे

तथापि दिसणे म्हणजे समजणे नव्हे. कीथ वेबर यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात महाविद्यालयीन विद्यार्थ्यांच्या दोन वर्गांची तुलना केली आहे. एका वर्गाला नेहमीप्रमाणे व्याख्यानांतून त्रिकोणमिती शिकविली गेली. दुसऱ्या वर्गातील विद्यार्थ्यांनी कागदावर एकक वर्तुळ काढले, कोनमापकाने कोन घेतला, बिंदूचे सहनिर्देशक मोजले आणि मग ही कृती मनातल्या मनात करण्याचा सराव केला. दुसऱ्या वर्गातील विद्यार्थी एखाद्या कोनाच्या साइनचा अदमास घेऊ शकत होते आणि त्या किमतीचे कारणही सांगू शकत होते. पहिल्या वर्गातील बहुतेकांना ते जमले नाही.

या अभ्यासातील साधने होती कागद, पट्टी आणि कोनमापक. संगणक आवश्यक नव्हता. आवश्यक होती ती विद्यार्थ्याने स्वतः केलेली कृती. हलत्या आकृतीत मात्र बरीचशी कृती यंत्रच करते. विद्यार्थी फक्त बिंदू ओढतो. लंब टाकणे, उंची मोजणे, चिन्ह ठरविणे ही कामे पडद्यावर आपोआप होतात. याचा अर्थ संगणक वाईट असा नाही. ब्लॅकेट आणि टॉल यांनी १९९१ मध्ये शालेय विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात संगणकाच्या साहाय्याने संख्या आणि आकृती यांचा संबंध तपासणाऱ्या विद्यार्थ्यांना चांगला लाभ झाल्याचे दिसले, आणि त्यात मुलींची प्रगती विशेष उल्लेखनीय होती. दोन्ही अभ्यासांचा एकत्रित बोध असा : साधन कोणतेही असो, विद्यार्थ्याने आधी अदमास बांधावा आणि मग तो तपासावा. ज्या आकृतीत किमतीचे आकडे आरंभापासूनच झळकत असतात तेथे अदमासाची गरजच उरत नाही. सुदैवाने बहुतेक साधनांत हे आकडे झाकून ठेवता येतात. ते झाकून ठेवण्याचा आग्रह धरणे हे मात्र अध्यापकाचे काम आहे.

५. यंत्राची तपासणी आणि नित्यसमानतेचा धडा

आता या लेखाच्या मुख्य मुद्द्याकडे वळू. 'वेबवर्क' आणि 'मायओपनमॅथ' यांसारख्या प्रणाली बीजराशीच्या स्वरूपातील उत्तर कसे तपासतात? विद्यार्थ्याने लिहिलेली राशी आणि अपेक्षित राशी या दोहोंत चलाच्या काही किमती घालून पाहिल्या जातात. दोन्हींची उत्तरे ठरावीक सुटीच्या मर्यादेत जुळली की उत्तर बरोबर ठरते. ही युक्ती व्यवहारात अत्यंत उपयुक्त आहे. एकच उत्तर दहा प्रकारांनी लिहिता येते, आणि ते दहाही प्रकार या पद्धतीने स्वीकारले जातात.

पण त्रिकोणमितीत 'नित्यसमानता' हे प्रकरण आपण नेमके कशासाठी शिकवितो? काही किमतींना जुळणे म्हणजे नेहमी जुळणे नव्हे, हे शिकविण्यासाठी. साइन आणि कोसाइन यांची बेरीज १ असते, हे विधान ० अंशाला खरे आहे, ९० अंशाला खरे आहे, आणि तरीही ते नित्यसमानता नाही. म्हणजे जी पद्धत या प्रकरणात चूक म्हणून शिकवायची, तीच पद्धत तपासनीस म्हणून त्या प्रकरणाच्या गृहपाठावर बसलेली आहे. विद्यार्थ्याला यंत्राच्या पोटात काय चालते हे ठाऊक नसते; पण 'जुळले की बरोबर' हा संस्कार त्याच्यावर होतोच.

या पद्धतीच्या दोन मर्यादा व्यवहारातही जाणवतात. राशीचे सोपे रूप द्या असे म्हटले असता विद्यार्थ्याने दिलेली राशीच पुन्हा लिहिली, तर किमती अर्थातच जुळतात. त्यामुळे प्रश्नकर्त्याला उत्तराच्या स्वरूपावर वेगळी बंधने घालावी लागतात. दुसरी मर्यादा चिन्हाची. १ मधून साइनचा वर्ग वजा करून त्याचे वर्गमूळ घेतले की कोसाइन मिळते, असे विद्यार्थी बिनदिक्कत लिहितो. तपासणीच्या किमती पहिल्या चरणातीलच असतील तर हे उत्तर बरोबर ठरेल. १२० अंशांना मात्र वर्गमूळ ०.५ येते आणि कोसाइन आहे उणे ०.५. प्रश्न तयार करणाऱ्याने किमतींचा पल्ला कोणता ठेवला, यावर विद्यार्थ्याची चूक उघडी पडणे अवलंबून राहते.

याहून बोलके उदाहरण आपल्याच परंपरेत आहे. सातव्या शतकातील पहिल्या भास्कराने 'महाभास्करीया'त सारणीविना ज्या काढण्याचे एक सूत्र दिले आहे. ('लीलावती'कार भास्कराचार्य हे त्याच्या सुमारे पाच शतके नंतरचे.) आजच्या भाषेत ते असे : अंशांतील कोन आणि १८० मधून तो कोन वजा करून येणारी संख्या यांचा गुणाकार करावा, त्या गुणाकाराच्या चौपटीला, ४०५०० मधून तोच गुणाकार वजा करून येणाऱ्या संख्येने भागावे. ३० अंशांसाठी गुणाकार ४५००, चौपट १८०००, भाजक ३६०००. उत्तर नेमके ०.५. ९० अंशांसाठी उत्तर नेमके १. शून्य, १५० आणि १८० अंशांनाही ते अचूक आहे. ६० अंशांना ते ०.८६४९ देते, खरी किंमत ०.८६६०. शून्य ते १८० अंशांच्या दरम्यान कोठेही फरक दोन हजारांशांपर्यंत पोहोचत नाही.

प्रस्तुत लेखिकेने प्रथम वर्षाच्या वर्गात 'डेस्मॉस'वर हे सूत्र आणि साइन यांचे आलेख शून्य ते १८० अंशांच्या पल्ल्यात एकावर एक काढून दाखविले. पडद्यावर एकच रेषा दिसत होती. ही दोन्ही फले एकच आहेत का, असे विचारल्यावर वर्गाचा कौल होकारार्थी होता. एका विद्यार्थिनीने मात्र विचारले, "मॅडम, एकच दिसतात हे खरं, पण दिसतात म्हणून आहेतच कशावरून?" त्या तासाचे सार्थक या प्रश्नात झाले.

उत्तर दोन प्रकारे मिळाले. पहिले पडद्यावरच : आलेखाची चौकट उजवीकडे सरकवली. १८० अंशांनंतर दोन रेषा फाटल्या. २७० अंशांना साइन उणे १ असते, तर सूत्र उणे १.५ देते, साइन परत वर येते, सूत्र खालीच जात राहते. म्हणजे सूत्र आवर्ती नाही. हे काम साधनाने चोख केले. परंतु शून्य ते १८० अंशांच्या आत ती दोन वेगळी आहेत हे कसे ठरवावे? आलेख कितीही मोठा केला तरी डोळ्याला दिसणारा फरक हा संगणकाच्या गणनेतील फरक नाही कशावरून? येथे पडद्यावरून फळ्याकडे यावे लागले. ४५ अंशांसाठी सूत्रातील गुणाकार ६०७५, चौपट २४३००, भाजक ३४४२५. सरळ रूप १२/१७. साइन ४५ अंश म्हणजे १ भागिले वर्गमूळ २. पहिली संख्या परिमेय, दुसरी अपरिमेय; त्या समान असूच शकत नाहीत. एका ओळीची ही सिद्धता कोणत्याही पडद्यावर दिसत नाही, पण ती एकदा समजली की कोणताही पडदा तिला खोटे ठरवू शकत नाही.

यंत्राची सूट दोन हजारांशांची ठेवली आणि किमती शून्य ते १८० अंशांतील निवडल्या, तर भास्कराचे सूत्र त्याच्या दृष्टीने साइनच ठरेल. सूट कमी केली तर हे सूत्र पकडले जाईल. परंतु संगमग्रामच्या माधवाच्या नावे ओळखल्या जाणाऱ्या अनंत श्रेढीची पुरेशी पदे घेतली, तर ठरावीक पल्ल्यात कोणतीही ठरावीक सूट भागवणारी बहुपदी मिळू शकते. दोष सुटीच्या आकड्यात नाही. किमती घालून समानता ठरविण्याच्या पद्धतीतच तो आहे.

या क्षेत्रात प्रगती होत नाही असे नव्हे. ब्रिटनमध्ये क्रिस सँगविन यांच्या पुढाकाराने विकसित झालेली 'स्टॅक' ही प्रणाली बीजगणिती संगणनाचा आधार घेते. विद्यार्थ्याच्या उत्तराचे गुणधर्म तपासून विशिष्ट चुकीला विशिष्ट प्रतिसाद देण्याची सोय तीत आहे, आणि समीकरण सोडविताना लिहिलेल्या ओळी एकमेकींशी सममूल्य आहेत की नाहीत हेही ती तपासू शकते. तरीही जे सिद्ध करावयाचे तेच गृहीत धरून आरंभ करणे, ही आपल्या विद्यार्थ्यांची सर्वांत रूढ चूक आहे. तेथे ओळी एकमेकींशी जुळतात आणि युक्तिवाद मात्र चुकतो. तो पकडण्यास वाचणारा माणूस लागतो.

६. बेनीचा धडा

पाठ्यसाहित्य आणि उत्तरपत्रिका यांच्यामधून शिक्षक बाजूला झाला की काय घडते, याचे एक अभिजात उदाहरण स्टॅन्ली एर्लवांगर यांनी १९७३ मध्ये नोंदविले आहे. अमेरिकेत तेव्हा व्यक्तिगत गतीने शिकण्याचा एक कार्यक्रम प्रचलित होता. विद्यार्थी स्वाध्याय सोडवी, उत्तर ठरलेल्या उत्तरसूचीशी ताडले जाई, आणि ठरावीक गुण मिळाले की तो पुढच्या घटकाकडे जाई. सहावीतील 'बेनी' हा मुलगा या कार्यक्रमात उत्तम प्रगती करणारा गणला जात होता. एर्लवांगर यांनी त्याच्याशी संवाद साधला तेव्हा आढळले, की अपूर्णांकाचे दशांशात रूपांतर करण्यासाठी तो अंश आणि छेद यांची बेरीज करून मध्ये दशांशचिन्ह देई. त्यामुळे ५/१० म्हणजे १.५ आणि १०/५ म्हणजेही १.५. उत्तर सूचीशी जुळेपर्यंत नियम बदलत राहावे, अशी गणिताविषयीची त्याची समजूत झाली होती. गणित त्याच्या लेखी कारणांचे शास्त्र उरले नव्हते, लहरी नियमांचा खेळ झाले होते.

आजच्या ऑनलाइन गृहपाठात अनेक प्रयत्नांची मुभा असते. चिन्ह बदलून पाहा, अंशांऐवजी रेडियन घालून पाहा, साइनच्या जागी कोसाइन लिहा. हिरवी खूण आली की पुढे चला. बेनीची उत्तरसूची आता अधिक तत्पर झाली आहे, एवढाच फरक. छायाचित्रावरून उदाहरण सोडवून देणारी अनुप्रयोगे आणि २०२२ नंतर सर्वांच्या हाती आलेली संवादी कृत्रिम बुद्धिमत्ता यांमुळे तर हिरवी खूण कोणाच्या समजेची साक्ष देते, हाच प्रश्न निर्माण झाला आहे.

येथे 'ओपनस्टॅक्स'च्या पुस्तकांतील एका गुणाची नोंद करणे न्याय्य ठरेल. त्यांतील स्वाध्यायांचा आरंभ 'शाब्दिक' गटाने होतो : एखादी संकल्पना स्वतःच्या शब्दांत स्पष्ट करा, दोन पद्धतींतील भेद सांगा, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. बैजिक, आलेखीय, संख्यात्मक हे गट त्यानंतर येतात. पण हेच स्वाध्याय आपोआप तपासणाऱ्या प्रणालीत जातात तेव्हा साहजिकच संख्यात्मक आणि बैजिक प्रश्नांना प्राधान्य मिळते, कारण यंत्राला तेच तपासता येतात. अशा रीतीने पुस्तकात पहिल्या स्थानी असलेला प्रश्न गृहपाठात गळून पडतो. जे मोजता येते तेच शिकविले जाण्याचा धोका तो हाच.

७. भाषा, उदाहरणे आणि साधनांची उपलब्धता

हे बहुतेक साहित्य इंग्रजीत आहे. बारावीपर्यंत इंग्रजीतून विज्ञान शिकलेल्या विद्यार्थ्यालाही शाब्दिक प्रश्नांत अडचण येते. मराठी माध्यमातून आलेल्याला ती अधिक जाणवते. 'नित्यसमानता' हा शब्द स्वतःच अर्थ सांगतो : नित्य, म्हणजे सदैव, समान. अशा पारिभाषिक शब्दांचे अध्यापनमूल्य आपण वाया घालवितो. 'फेट'च्या प्रतिकृतींचे स्वयंसेवकांमार्फत अनेक भाषांत भाषांतर झाले असून त्यांत मराठीचाही समावेश आहे. मात्र केवळ बटनांचे भाषांतर म्हणजे अध्यापन नव्हे. कोणता प्रश्न विचारावा, काय पाहावे, हे सांगणाऱ्या मराठी कृतिपत्रिका अभावानेच आढळतात.

उदाहरणांचा प्रश्न तुलनेने गौण आहे. वर्तुळीय गतीसाठी इंग्रजी पुस्तके सिंगापूर फ्लायर किंवा लंडन आय यांचे दाखले देतात; आपल्या विद्यार्थ्याने जत्रेतील आकाशपाळणा पाहिलेला असतो. तेथे संदर्भ बदलला की काम भागते. रूढ लेखनपद्धतीतील फरक मात्र अधिक त्रासदायक आहे. साइनची किंमत ०.५ असणाऱ्या कोनांची सामान्य उकल आपल्याकडे उच्च माध्यमिक स्तरावर एकाच सूत्रात, उणे एकचा घातांक वापरून लिहिली जाते. अमेरिकी पुस्तकांत ३० अंश आणि १५० अंश यांच्या दोन वेगळ्या मालिका दिल्या जातात. दोन्ही बरोबर आहेत, पण विद्यार्थ्याला ते दोन निराळे विषय वाटतात. त्यांची एकरूपता पटवून देणे हाच एक उत्तम स्वाध्याय होऊ शकतो.

भ्रमणध्वनीच्या छोट्या पडद्यावर घातांक, वर्गमूळ आणि कंस टंकलिखित करणे हेही सोपे नाही. कंस विसरल्यामुळे चुकलेले उत्तर आणि समज नसल्यामुळे चुकलेले उत्तर यांना यंत्र एकच लाल खूण देते. ज्या विद्यार्थ्याचा गणितावरील विश्वास आधीच डळमळीत आहे, त्याला हा भेद सांगणारे कोणी तरी असावेच लागते.

८. प्रतिपक्षाचा विचार

वरील विवेचनावर एक सबळ आक्षेप घेता येईल. वर्गात शंभराहून अधिक विद्यार्थी असताना प्रत्येकाची सिद्धता वाचणारा अध्यापक तरी कोठे आहे? ज्याच्या वहीवर वर्षभर कोणाचीच नजर पडत नाही, त्याला यंत्राची लाल-हिरवी खूण ही मोठीच सोबत नव्हे काय? हा आक्षेप खरा आहे. किमती काढणे, अंशांचे रेडियन करणे, चरणानुसार चिन्ह ठरविणे, आलेखाचा आयाम आणि आवर्तनकाळ ओळखणे या कौशल्यांसाठी भरपूर सराव लागतो आणि त्या सरावाची तपासणी यंत्राकडे सोपविणे हा वेळेचा सदुपयोगच आहे. प्रस्तुत लेखिकेचा विरोध यंत्राला नाही. सरावाची तपासणी म्हणजेच विषयाची तपासणी, या समजुतीला आहे. यंत्राने वाचविलेला वेळ सिद्धता वाचण्यासाठी खर्च झाला तरच हा व्यवहार लाभाचा; तो वेळ अन्य कामांत मुरला, तर विद्यार्थ्याच्या हाती फक्त हिरव्या खुणा राहतील.

९. निष्कर्ष व सूचना

वरील परीक्षणातून पुढील निष्कर्ष मांडता येतात.

(१) एकक वर्तुळ, आवर्तिता आणि आलेख यांच्या अध्यापनात आंतरक्रियात्मक साहित्य अत्यंत प्रभावी आहे. मात्र त्याआधी विद्यार्थ्याने एकदा तरी कागदावर कोनमापकाने वर्तुळ काढून किमती मोजाव्यात आणि पडद्यावरचे आकडे झाकून अदमास बांधावा.

(२) ऑनलाइन गृहपाठाचा उपयोग सरावापुरता करावा. नित्यसमानता आणि सामान्य उकल या भागांतील सिद्धता हातानेच लिहून घ्याव्यात. सर्व वाचणे शक्य नसल्यास दर आठवड्याला प्रत्येकाची एक सिद्धता वाचावी.

(३) यंत्र उत्तर कसे तपासते हे विद्यार्थ्यांना सांगावे. त्या पद्धतीची मर्यादा शोधणे हाच नित्यसमानतेच्या प्रकरणाचा आरंभ असू शकतो. पहिल्या भास्कराचे सूत्र त्यासाठी आदर्श उदाहरण आहे.

(४) श्रेयांकासाठी ऑनलाइन अभ्यासक्रम निवडताना अभ्यासमंडळांनी त्यातील मूल्यमापनात युक्तिवादाला किती स्थान आहे, हे पाहावे.

(५) मुक्त परवान्याच्या साहित्याचा लाभ घेऊन मराठी कृतिपत्रिका तयार कराव्यात आणि त्या छापील स्वरूपातही ठेवाव्यात. साधन कालबाह्य झाले तरी प्रश्न टिकतो.

त्रिकोणमितीच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पुढे गणित लागेलच असे नाही. सर्वेक्षण, ध्वनी, विद्युत्प्रवाह यांच्याशी ज्यांचा संबंध येणार नाही असेही अनेक जण आपल्या वर्गात असतात. पण बरोबर दिसणाऱ्या आणि बरोबर असणाऱ्या गोष्टींतील अंतर ओळखण्याची गरज प्रत्येकाला पडणार आहे. 'दिसतात म्हणून आहेतच कशावरून?' हा प्रश्न ज्या वर्गात विचारला जातो तेथे पडदा असला काय किंवा फळा असला काय, त्रिकोणमिती शिकविली जात आहे असे समजावे.